बोरीहून चुडाव्याला

सर कुणाच्या घरी न कळवता गेले असं माझ्या माहितीत एकदाच घडलं, आणि ते त्यांना चांगलंच भोवलं. एरवी त्यांच्या आधी त्यांची वर्दी पोचायची. फोन वाजायचा. पलीकडून नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. "निघालो. दोघं हावोत. च्या नको, पाणी चालंल," एवढं बोलून फोन बंद. माझ्या आईला सुरुवातीला याचा राग यायचा. पाहुणा असा वॉरंट काढून येतो का, असं ती म्हणायची. मग एकदा ती आजारी असताना सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तिला बघायला आले. येण्याआधी सरांनी फोनवर विचारून घेतलं की किती वेळ बसलेलं तिला सोसेल. आईने भीडभाड न ठेवता सांगितलं की फार वेळ नको. सर खरोखरच जेमतेम टेकले आणि उठले. त्या दिवसापासून आईच्या लेखी परभणीत शहाणा माणूस एकच उरला.

ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रकाशातून संदेश पाठवण्याचं शास्त्र शिकवायचे. कॉलेज गावाबाहेर, तिन्ही बाजूंनी कापूस आणि तूर. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग सहकारी झाले आणि पुढे एका नियमामुळे त्यांची विभागप्रमुख. तिन्ही अवतारांत ते माझ्याशी सारखेच वागले. फरक पडला तो एवढाच, की विभागप्रमुख झाल्यावर कॉलेजच्या गेटच्या आत मी 'मॅडम' झाले आणि गेटबाहेर 'पोरी' राहिले. कधी कधी आम्ही बोलत बोलत बाहेर पडायचो, तेव्हा एकाच वाक्याची सुरुवात मॅडमपासून व्हायची आणि शेवट पोरीवर.

उंच, किडकिडीत माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी काळ्या केबलचा एक तुकडा. तो त्यांनी कुठून मिळवला ते मी पाहिलं आहे. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने एकदा फायबरची केबल तोडली आणि आमच्या कॉलेजचं इंटरनेट गेलं. परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस, सगळे हैराण. सर मात्र स्कूटर काढून खड्ड्यापाशी गेले आणि जोडणी करायला आलेल्या माणसांच्या मागे उकिडवे बसून राहिले. संध्याकाळी परतले ते कापून टाकलेला तुकडा घेऊन. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तो सोलला, आतली केसासारखी काच बाहेर काढली आणि एका टोकाला मोबाइलचा टॉर्च धरला. दुसऱ्या टोकाला ठिपक्याएवढा उजेड उमटला. "काल हे तुटलं तव्हा तुमी सगळे बोंबलत व्हतात," ते म्हणाले. "आज बगून घ्या, काय तुटलं व्हतं ते."

त्यांचा जीव ज्या विषयावर जडला होता तो समजावून सांगणं मला आजही त्यांच्याच शब्दांत जमतं. काचेच्या एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचा उजेड एकाच वेळी धावतो. प्रत्येक रंग म्हणजे एक वेगळी वाट. त्या वाटेने फोटो, पैसे, परीक्षेचे निकाल, सगळा माल जात असतो. मध्ये जंक्शनं लागतात. दोन गावांचा माल एकाच रंगावर एकाच क्षणी जंक्शनला आला, तर एकच पुढे जातो. दुसरा नष्ट होतो. विजेच्या रूपात असलेला माल घटकाभर साठवून ठेवता येतो, उजेडाला थांब म्हणता येत नाही. म्हणून माल निघण्याआधी एक छोटा संदेश पुढे पाठवायचा: अमक्या वेळी एवढा माल येतो आहे, एक रंग मोकळा ठेवा. ती वर्दी. ती मिळाल्यावर कोणता रंग कुणाला द्यायचा, कुठल्या फटीत कुणाला बसवायचं, हे जंक्शनने डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. पुस्तकात याला चॅनेल शेड्युलिंग म्हणतात. सर म्हणायचे, "इंतजाम."

वर्गात ते इंग्रजी संज्ञा एकदा फळ्यावर लिहायचे आणि त्यानंतर तास संपेपर्यंत बोरीची भाषा. बोरी त्यांचं गाव. घरी थोडी शेती, भाऊ ती करतो. विद्यापीठाच्या पेपरात काही मुलांनी खरोखरच 'वर्दी' असं लिहिलं आणि तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारली, तेव्हा सर मुलांवर रागावले नाहीत. तपासणाऱ्याला परभणीचं पाणी पाजायला पाहिजे, एवढंच म्हणाले.

तर चुडाव्याची गोष्ट. आमच्या वर्गाला उजेड थांबत नाही हे कळलं होतं, पण थांबणं म्हणजे नेमकं काय ते दाखवल्याशिवाय सरांना चैन पडेना. पूर्णेच्या पुढे चुडावा हे छोटं स्टेशन आहे. तिथे मालगाडीला बाजूच्या लाईनवर उभं करून एक्सप्रेसला पुढे काढतात. सरांनी स्टेशनमास्तरांची रीतसर परवानगी काढली, आणि एका सकाळी आमचा अख्खा वर्ग पॅसेंजरने तिथे जाऊन फलाटावर बसला. बराच वेळ काही घडेना. मग एक लांबलचक मालगाडी आली, कण्हत बाजूच्या लाईनवर शिरली आणि उभी राहिली. सर आनंदाने उठले. एक्सप्रेस धूळ उडवत गेली, तेव्हा तर त्यांनी दोन्ही हात वर केले.

"ही थांबली म्हून ती गेली," ते म्हणाले. "आता समजा, ह्या गाडीला ब्रेकच न्हाई. मंग काय करसाल?"

आम्ही विचार करत होतो, तेवढ्यात फलाटाच्या टोकाकडून एक धोतर नेसलेले म्हातारे गृहस्थ येताना दिसले. मागून एक गडी किटली घेऊन. सरांचे वर केलेले हात हळूहळू खाली आले. ते सरांचे सासरे होते. चुडावा ही सरांची सासुरवाडी आहे, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. गावात एव्हाना बातमी पसरली होती की जावई लेकरांचा तांडा घेऊन सकाळपासून स्टेशनवर बसला आहे आणि घराकडे फिरकलेला नाही.

सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी आधी आम्हाला सगळ्यांना चहा दिला. मग सरांना म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडून काय चुकलं असंल तर सांगा. मुलांसमोर सांगा, काय हरकत न्हाई."

सरांनी फलाटावरच वाकून त्यांचे पाय धरले. पुढे जे झालं ते उघडच होतं. अख्खा वर्ग सासुरवाडीला जेवायला. आमच्यापैकी कुणीच तिथे वर्दी दिलेली नव्हती, आणि तरीही ज्वारीच्या भाकरी, वरण, ठेचा आणि ताक आम्हा सगळ्यांना पुरून उरलं. कसं, ते मला आजही कळलेलं नाही. सर मात्र त्या दिवशी घास तोंडात घोळवत बसले होते. घरी गेल्यावर काकूंनी काय केलं ते त्यांनीच पुढे कधीतरी सांगितलं. काकू काहीच बोलल्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण असलेल्या बाईचं न बोलणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

सरांची पीएचडी चालू आहे हे कॉलेजात इतकं जुनं झालं होतं की नव्याने येणाऱ्या शिपायालाही ते पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. विषय अर्थात हाच. वर्दी आली की जंक्शनने रंग कसा वाटायचा, त्याची नवी रीत त्यांना बसवायची होती. खरं जाळं कुठून आणणार? म्हणून कॉम्प्युटरवर खोटं जाळं उभं करायचं, त्यातून खोटा माल सोडायचा आणि किती पोचला, किती हरवला ते मोजायचं. लॅबमधले कॉम्प्युटर जुने, वीज बेभरवशाची. दुपारी वीज गेली की चाललेलं गणित पुसलं जायचं आणि सर शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

सगळं जग अशा जाळ्यातल्या ठिकाणांना आकडे देतं. सरांनी गावं दिली होती. बोरी, पेडगाव, पूर्णा, चुडावा, आणि अशीच बाकीची. प्रत्यक्षातल्या रस्त्यांशी त्याचा काही संबंध नव्हता, त्यांच्या जाळ्यात पेडगावहून पाच दिशांना वाटा फुटायच्या. त्यांचे मार्गदर्शक दर वेळी कुरकुरायचे की शोधनिबंधात ही नावं चालत नाहीत. मग सर छापायला देताना आकडे घालायचे आणि लॅबमध्ये परत गावांवर यायचे.

मी त्यांना एकदा सांगून पाहिलं होतं की विषय बदला. माझी स्वतःची पीएचडी तेव्हा सुरू होती, गर्दीच्या फोटोतून कॉम्प्युटरने चेहरे ओळखण्यावर. त्यावर परिषदा भरत होत्या, मासिकं छापत होती. सरांच्या विषयाकडे लोकांनी पाठ फिरवायला सुरुवात केली होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू चेहरे वळख पोरी. त्ये लय गरजेचं हाय. मी माझं हरवलेलं बगतो."

लोक त्यांच्या शास्त्राला त्यांच्या वागण्याशी जोडून हसायचे, आणि सर त्यांना भरपूर संधी द्यायचे. आमच्या एका सहकाऱ्याचं लग्न पेडगावला होतं. मांडवात पंगत बसत होती, गोंधळ चालला होता. सरांना राहवलं नाही. ते पुढे झाले आणि लोकांना बसवू लागले. कुठे किती फट आहे ते बघायचं आणि त्या फटीत नेमका मावेल असा माणूस तिथे घालायचा. पंगत इतकी झकास भरत गेली की वाढपी खूश झाले. मग नवरदेवाचे मामा आले. अंगाने बारीक. सरांनी त्यांचा हात धरून त्यांना दोन लहान पोरांच्या मधल्या फटीत बसवलं.

मामांनी विचारलं की आपल्याला लेकरांत कामून बसवलं. सर म्हणाले की तुमच्या मापाची जागा तीच होती. त्यावर मामा उठले आणि मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मुलीचे वडील हात जोडून उभे. कोणी कोणाला काय म्हणालं यावर चार ठिकाणी बोलणी सुरू झाली. सरांनी दोन ताटं वाढून घेतली, लिंबाखाली गेले आणि मामांच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. तिथे काय बोलणं झालं कुणास ठाऊक. जेवण होईपर्यंत मामा सरांच्या पाठीवर थाप मारून हसायला लागले होते. पुढे सरांच्या प्रबंधात फटी भरण्याची एक युक्ती आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की ती पेडगावच्या पंगतीत सुचली. सर हे ऐकून वैतागायचे. ती युक्ती आपण दुसऱ्यांच्या निबंधात वाचली, तिथे त्यांचं नाव दिलं आहे, पंगतीत आपल्याला फक्त शिव्या मिळाल्या, असं ते प्रत्येकाला समजावत बसायचे.

प्रबंध पूर्ण झाला. सरांच्या रीतीने एकूण हरवणारा माल आधीच्या रीतींपेक्षा कमी झाला होता. आलेख सुंदर होते. मार्गदर्शकांनी शाबासकी दिली, सही करायची तेवढी बाकी होती. कॉलेजातही हवा बदलली. जुने विभागप्रमुख निवृत्त होणार होते आणि त्या जागेसाठी पीएचडी हवी असा नियम होता. सर सगळ्यांत ज्येष्ठ. आता त्यांचीच वर्णी लागणार हे गृहीत होतं. काकूंनी चार घरी सांगूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यातली दुपार. मी लॅबमध्ये गेले तर सर पडद्याकडे बघत बसले होते. मला वाटलं वीज गेली असेल, पण पंखा फिरत होता. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. एकूण आकड्यावर समाधान न मानता त्यांनी सहज म्हणून प्रत्येक गावाचा माल वेगळा काढून पाहिला होता. शेजारच्या शेजारी जाणारा माल मस्त पोचत होता. लांबून येणारा, वाटेत बरीच जंक्शनं लागणारा माल मात्र क्वचितच पोचत होता. प्रत्येक जंक्शनवर जवळच्यांनी फटी भरून टाकलेल्या असायच्या. लांबचे थोडे, जवळचे पुष्कळ, त्यामुळे एकूण हिशेबात ते हरवणं दिसतच नव्हतं.

"बोरीचा माल चुडाव्याला पोचंना गेलाय," सर म्हणाले.

मी त्यांना समजावलं की हा दोष सगळ्यांच्याच रीतींमध्ये थोडाफार असतो, माहीत असलेली गोष्ट आहे. ते म्हणाले की इतरांच्यात थोडाफार आहे, माझ्यात जास्त आहे. माझी रीत फटी जितक्या चांगल्या भरते, तितकी लांबच्याला जागा उरत नाही. गावांच्या नावांऐवजी आकडे असते तर आपण हे पाहिलंही नसतं, असंही म्हणाले. एका क्रमांकाचा माल दुसऱ्या क्रमांकाला पोचला नाही तर कुणाला काय वाटणार.

मार्गदर्शकांकडे ते मला सोबत घेऊन गेले. मार्गदर्शक भला माणूस होता, थकलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुचवलं की शेवटच्या प्रकरणात, पुढील संशोधनाची दिशा म्हणून, याचा उल्लेख करा आणि प्रबंध देऊन टाका. कुणीही हेच केलं असतं. मीही मनात हेच म्हणत होते.

सरांनी प्रबंधाची प्रत स्वतःकडे ओढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, जे पोचलं न्हाई ते पुढच्या कामात कसं घालू? ते ह्याच कामात हरवलंय."

त्यांनी प्रबंध मागे घेतला.

घरी हे सांगायला त्यांनी मलाही नेलं. बहुधा एकट्याने सांगायची हिंमत नव्हती. काकू भाजी निवडत होत्या. सरांनी बोरी, चुडावा, जंक्शनं, सगळं सविस्तर सांगितलं. काकूंचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर त्या मला म्हणाल्या की आमचं लग्न जमलं तेव्हाही बोरीहून निघालेला होकाराचा निरोप मध्येच कुणाकडे तरी अडकला होता आणि माझे वडील दुसरं स्थळ बघायला निघाले होते. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "न्हाई पोचलं तर काय व्हतं, ते म्या भोगलंय. करा नीट." आणि त्यांनी मला मेथीची जुडी दिली, म्हणजे बसलीच आहेस तर निवड.

विभागप्रमुख मी झाले. माझी पीएचडी आधी पूर्ण झाली, नियम तो नियम. प्राचार्य सरांना केबिनमध्ये बोलावून कानकोंडे होत काहीबाही बोलले. त्या दिवशी मला माझ्या नव्या खोलीत पाऊल टाकायचं जड झालं होतं. सर आधीच तिथे होते. स्टुलावर चढून पंख्याकडे बघत होते. खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले की मॅडम, हा पंखा दोनवर ठेवा, तीनवर केला की फार बोलतो. तेवढ्यावर तो विषय संपला. पुढे मी त्यांचं वेळापत्रक लावायचे, त्यांच्या रजेवर सह्या करायचे, आणि कुठल्याही बैठकीत माझं म्हणणं पहिल्यांदा उचलून धरणारा आवाज त्यांचाच असायचा. एकदाच, मी एका तरुण प्राध्यापकावर सगळ्यांसमोर चिडले तेव्हा, ते गेटबाहेर येईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "पोरी, त्यो सेलूहून येऊन-जाऊन करतो. उशीर त्याचा न्हाई, गाडीचा हाय."

नंतरची वर्षं त्यांनी लांबच्या मालासाठी घालवली. ज्याला पल्ला मोठा, त्याची वर्दी पुरेशी आधी निघाली पाहिजे, ही एक गोष्ट. तरीही जंक्शनला जागा नसेल, तर जवळच्या कुणाला आधी दिलेला रंग बदलून त्याला दुसऱ्या रंगावर सरकवायचं, त्याचा माल यायच्या आत, ही दुसरी. वाचायला सोपं वाटतं. प्रत्येक सरकवासरकवीत आणखी कुणाचं तरी बिघडायचं आणि सर ते शोधत बसायचे. मुलं येऊन विचारायची, "सर, बोरीचं काय?" सर त्यांना खरोखरच सांगायचे, आज एवढा पोचला. हे चेष्टेत विचारलं जातंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मला वाटतं, कुणीतरी विचारतंय यातच त्यांना आनंद होता.

शेवटी लांबचा माल पोचायला लागला. पण जवळच्यांचं थोडं नुकसान झालं, आणि एकूण आकडा त्यांच्याच जुन्या प्रबंधापेक्षा किंचित वाईट आला. तो तसाच त्यांनी लिहिला. निवृत्ती जवळ आली होती. पीएचडीचा आता पदासाठी, बढतीसाठी, कशासाठीच उपयोग नव्हता. तोंडी परीक्षेची तारीख आली तेव्हा आम्ही तिघे विद्यापीठात गेलो, सर, काकू आणि मी.

बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले होते, बोलण्यात नेमके. सरांनी मांडणी केली. कोट घातला होता, त्यात ते उसने आणल्यासारखे दिसत होते. परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं की एकूण आकडा आधीपेक्षा वाईट झाला असेल तर यात प्रगती ती कोणती. मागे बसलेली काही मुलं हसली. सरांनी केबलच्या तुकड्यासाठी खिशाकडे हात नेला, कोट असल्यामुळे हाताला काही लागलं नाही. मग ते बोलले, आणि नकळत बोरीचं बोलले.

"सर, सरासरी कोणाच्या घरी पोचत न्हाई. माल पोचतो. ज्याचा पोचत न्हाई त्याला सरासरी दाखवून काय उपेग?"

परीक्षक हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं. मग सर सोडून बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लागलं.

काकू आणि मी व्हरांड्यात बाकावर बसलो. दार उघडेना. आतून मधूनच परीक्षकांचा आवाज यायचा, सरांचा जवळजवळ नाहीच. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला पंख्याचा तो दिवस आठवत होता आणि वाटत होतं की निदान आज तरी.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता, तापातून उठलेल्या माणसासारखा. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चला, गाडी गाठायची," म्हणाले आणि चालायला लागले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "एका सवालाचं उत्तर आलं न्हाई." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

गाडीत जागा मिळाली. सर समोरच्या बाकावर, कोट मांडीवर. परीक्षकांनी विचारलं होतं की तुमची रीत लांबच्यासाठी जवळच्याला सरकवते. ठीक. पण एखाद्या दिवशी सगळेच लांबून आले तर? जवळचं कुणीच नसेल, तर कुणाला सरकवणार? सर हे सांगायचे, थोडा वेळ बाहेर बघायचे आणि पुन्हा सांगायला लागायचे. इतक्या वर्षांत हे आपल्या डोक्यात आलं नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणायचे. मी धीर देण्यासाठी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले की सर, होतं असं, सुधारणा करून परत द्यायची संधी देतीलच.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "कशाची संधी?"

"प्रबंधाची."

"आं? तो झाला की. डिग्री दिली त्यांनी. लगेच दिली. त्याच्यानंतर हा सवाल काढला ना, आमी दोघं बोलत बसलोत."

काकूंनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली, आतून साडीच्या घडीत गुंडाळलेला पेढ्यांचा पुडा काढला. सकाळपासून तो त्यांच्याजवळ होता आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. दोरा सुटेना, तो त्यांनी दातांनी तोडला. पहिला पेढा त्यांनी सरांच्या हातावर ठेवला. सर तो हातात धरून पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. दुसरा मला. मग काकू उठल्या आणि गाडीच्या हिसक्यांबरोबर तोल सांभाळत सगळ्या डब्याला पेढे वाटत निघाल्या.

दाराजवळ एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. तिने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "कशाचे गं माय?"

काकूंनी मागे वळून सरांकडे पाहिलं. ते अजून बाहेरच बघत होते, ओठ हलत होते.

"आमच्या मालकांना आज एका सवालाचं उत्तर आलं न्हाई," काकू म्हणाल्या, "त्याचे."